शासकीय इमारती सांभाळणाऱ्यांची स्वतःची व्यावसायिक संघटना असावी का?

ओळंबा (धागाकर्ता)

रस्तेवाल्यांची इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ पासून आहे. खड्डा कसा भरावा इथपर्यंत त्यांचं छापील मार्गदर्शन मिळतं. पण जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील, न्यायालय, जिल्हा रुग्णालय, विश्रामगृह, शासकीय वसाहत ही बांधून झाल्यावर पुढची साठ वर्षं जो सांभाळतो, त्याच्याकडे काय आहे? अभियंत्यांच्या संघटना आहेत, पण त्यांचं काम बढती, बदली, वेतनश्रेणी. ते त्या करतातच. मी बोलतोय ते धंद्यातलं ज्ञान एकत्र ठेवणाऱ्या संस्थेबद्दल. अमेरिकेत राज्य सरकारांच्या इमारती सांभाळणाऱ्यांची 'नॅसफा' १९८७ पासून आहे. विद्यापीठांच्या इमारती सांभाळणाऱ्यांची 'अप्पा' तर १९१४ पासून.

मला यात मुख्य कारण एकच दिसतं. २००५ च्या बदली कायद्याने एका जागी साधारण तीन वर्षं. म्हणजे साठ वर्षांच्या इमारतीला वीस शाखा अभियंते मिळतात. गच्चीवर किती थर आहेत, कुठल्या खांबाला जॅकेट (बाहेरून काँक्रीटचं जादा वेष्टन) घातलं, जुनी पाण्याची लाइन कुठल्या भिंतीत जिवंत सोडली, हे सगळं प्रत्येक बदलीच्या आदेशाबरोबर जिल्ह्याबाहेर जातं. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत टेबल-खुर्च्या असतात, व्हॉल्व्ह कुठे आहे ते नसतं.

तर अशी संघटना हवी का, सदस्य कोण असावेत आणि नोंदणी कशी करावी?

थापी

हवी. पहिला ठराव: अध्यक्ष कोण. दुसरा ठराव: पहिल्या ठरावाचा निषेध.

पन्हाळी

थापी, हसलो. पण धागाकर्त्याचा बदलीचा मुद्दा गच्चीवर गेलं की लगेच कळतो.

ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला गच्चीवर घालतात तो विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) सरासरी ११५ मिमी. ओला धरला तर चौरस मीटरला सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन. आता गळती झाली, आधीचा कोबा खरवडून काढायला अंदाजपत्रकात पैसे धरले नाहीत, म्हणून त्याच्यावरच दुसरा घातला. पंधरा वर्षांनी तिसऱ्या साहेबांनी त्यावर चायना चिप्स (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे). ये-जा असलेल्या गच्चीचा चल भार (माणसं, सामान यांचं वजन) १५० किलो प्रति चौ.मी. धरतात. म्हणजे दुसऱ्या कोब्यानेच तो खाऊन टाकला, आणि स्लॅब गळत होता म्हणून आतली सळई आधीच गंजलेली. आधी तिथे काय घातलंय याची नोंदच नसल्याने हे होतं. करणारा प्रत्येक जण आपल्यापुरता बरोबर असतो.

थर मोजायला सोपं आहे: पन्हाळाच्या तोंडाशी कोअर (ड्रिलने गोल नमुना) काढा किंवा पॅरापेटची आतली उंची मोजून बाहेरच्या उंचीशी ताडून बघा. आतून दीड-दोन फूटच उरली असेल तर समजा.

आणि गळतीचं मूळ बहुतेक वेळा मधल्या कोब्यात नसतंच. आधी तीन जागा बघायच्या: पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यातला वाता (कोपऱ्यातला तिरका गोलवा) सुटलेला, पन्हाळाच्या पाइपाभोवतीची फट, आणि पाइपच कमी. ताशी १०० मिमी पावसाला १०० मिमीचा एक पाइप जेमतेम ४० चौ.मी. गच्ची ओढतो. ४०० चौ.मी. गच्चीला दहा पाइप लागतील. प्रत्यक्षात चार असतात, त्यातला एक पिंपळाच्या मुळांनी भरलेला. पिंपळ वरून छाटून उपयोग नाही, सांधा फोडून मूळ काढायचं.

काम संपल्यावर गच्चीत ७२ तास पाणी भरून ठेवल्याशिवाय अंतिम बिल काढू नका. ही एक ओळ सगळ्या राज्यात पाळली गेली तरी संघटनेचे पैसे वसूल.

शेवटचा_चौक

पाणी भरून ठेवायला पाणी कुठून आणणार, गच्चीचं काम मे महिन्यात होतं.

पन्हाळी

टँकर अंदाजपत्रकात धरा. तो धरत नाहीत म्हणून तर 'चाचणी समाधानकारक' असं कोरड्या गच्चीवर लिहिलं जातं.

मेगर

चर्चा नेहमीप्रमाणे स्थापत्यवाल्यांनी ताब्यात घेतली. बांधकाम खात्याची विद्युत शाखा वेगळी, तिचे उपविभाग वेगळे, अंदाजपत्रकं वेगळी. एकाच इमारतीत आमच्यामागे तुम्ही येता आणि कंड्युट (वायरची नळी) फोडून जाता. संघटना काढायची तर नियमावलीतच लिहा की कार्यकारिणीत विद्युत शाखेचे निम्मे.

आता काम. साठ-सत्तरच्या दशकातल्या कार्यालयाची एक खोली: चार पंखे, सहा ट्यूब, भार अर्ध्या-पाऊण किलोवॉटचा. वायर बॅटनवरची ॲल्युमिनियमची. आज त्याच खोलीत दीड टनी दोन एसी, म्हणजे साडेतीन किलोवॉटच्या आसपास वाढ, शिवाय संगणक, प्रिंटर, चहाची किटली. एसी वापरणारा विभाग परस्पर विकत घेतो, बसवणारा जवळच्या पॉइंटवरून वायर ओढतो, एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागला की मोठा एमसीबी टाकतो. वायर तीच राहते. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, एसीला नाही, एवढं लिहून पॅनेलवर चिकटवलं तरी खूप.

दुसरं, ॲल्युमिनियम केबलला पॅनेलमधल्या तांब्याच्या बसबारवर (पट्टीवर) साधा लग (केबलच्या टोकाचा जोड). सांधा सैल होतो, तापतो, काळा पडतो. तिथे बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लगच हवा. आणि मुख्य पॅनेलमधला न्यूट्रल सैल झाला की हलक्या भाराच्या फेजवर दोनशे तीसचे तीनशेच्या पुढे जातात. एका दुपारी मजल्यावरचे सगळे संगणक का उडाले याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं, महावितरणकडे नसतं. वर्षातून एकदा थर्मल कॅमेऱ्याने पॅनेल बघावं, तेही दुपारी तीनला, एसी सगळे चालू असताना. रविवारी सकाळी बघितलं तर सगळं गारच दिसणार.

नाझर_कक्ष

सदस्य कोण या प्रश्नावर: तुम्ही सगळे अभियंतेच धरून चालला आहात. रोज सकाळी इमारत उघडणारा माणूस महसुलात नाझर असतो, इतर खात्यांत आस्थापनेवरचा कुणी अव्वल कारकून किंवा अधीक्षक. सफाईचा ठेका त्याचा, पहारेकरी त्याचे, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) त्याचं. नळ गळतो हे त्याला पहिल्यांदा कळतं आणि ते कुणाला कळवायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नळ स्थापत्य, गिझर विद्युत, ॲक्वागार्ड पुरवठादार, टाकी धुणं सफाईवाला. एका नळासाठी चार पत्रं.

आमच्या बाजूचा दोषही सांगतो. निर्लेखन (निकामी सामान नोंदीतून काढून विकणं) वेळेत होत नाही, म्हणून मोडक्या खुर्च्या, जुने सीपीयू, कपाटं जिन्याखाली आणि मागच्या दाराशी रचतात. निर्लेखन समिती, तज्ज्ञाचा दाखला, अपसेट (किमान बोलीची) किंमत, लिलाव, एवढं करायला कुणी धजत नाही कारण लेखापरीक्षणात विचारतात 'इतक्या कमी किमतीला का'. कुणी विचारणार नाही असं एकच काम आहे, सामान जिन्याखाली ठेवणं.

प्रमाणपत्र

नाझर_कक्ष, ते सामान म्हणजेच आगीचा पहिला मुद्दा. मंत्रालयाची आग २१ जून २०१२, भंडारा जिल्हा रुग्णालयातली ९ जानेवारी २०२१. त्यात दहा तान्ही बाळं गेली. त्यानंतर पत्रं भरपूर निघाली, पण अजूनही बऱ्याच कार्यालयांत फॉर्म ब (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला) कोण देतो हेच ठरलेलं नसतं.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीचा फॉर्म अ, आणि ती चालू स्थितीत आहे म्हणून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म ब. शासकीय इमारतीत मालक बांधकाम खातं म्हणतं भोगवटादार बघेल, भोगवटादार म्हणतो इमारत तुमच्या पुस्तकावर. जुलै निघून जातो.

फॉर्मच्या पलीकडे स्वतः बघायच्या गोष्टी: पंप 'ऑटो'वर आहे का (आवाज होतो म्हणून कुणीतरी 'मॅन्युअल'वर टाकलेला असतो). सर्वांत वरच्या आणि सर्वांत लांबच्या हायड्रंटवर साडेतीन किलो दाब मिळतो का. होज पेटीत नोझल आहे का, पितळेचं नोझल भंगारात जातं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वजन करून बघायचा, त्याला दाबाचा काटा नसतो. गॅसचं वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलं की भरायला पाठवा. पावडरच्या सिलिंडरची दाबचाचणी तीन वर्षांनी, सीओटूची पाच वर्षांनी. एजन्सी दर वर्षी नुसतं नवं स्टिकर लावून जात असेल तर जुनी स्टिकरं खाली दिसतात, खरवडून बघा.

थापी

म्हणजे आमच्याकडे स्टिकरांचाही ब्रिकबॅट कोबा झालाय.

ओहायोकर

नॅसफाचा उल्लेख आला म्हणून. ती कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स या राज्यांच्या सामाईक संस्थेशी संलग्न आहे. त्यामुळे तिचं ऐकणारं कुणीतरी सरकारात आधीच बसलेलं असतं. आपल्याकडे नुसती नोंदणीकृत संस्था काढून हे होणार नाही.

इथल्या लोकांनी उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे एक आकडा: इमारतीची राहून गेलेली दुरुस्ती भागिले तीच इमारत आज नव्याने बांधायचा खर्च. पाच टक्क्यांच्या आत चांगली, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर वाईट, असा ढोबळ रिवाज आहे. समजा ३,००० चौ.मी.ची इमारत, चौ.मी.ला ३०,००० धरले तर नव्याने बांधायला ९ कोटी. गच्ची, वायरिंग, शौचालयं, लिफ्ट मिळून राहिलेलं काम १ कोटी ८ लाखांचं असेल तर १२ टक्के. हा आकडा प्रत्येक इमारतीसमोर लिहिला की 'कुणाचा आमदार जोरात' यापेक्षा वेगळा काहीतरी क्रम लागतो.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९० मध्ये सुचवलं होतं की देखभालीवर दर वर्षी पुनर्बांधणी किमतीच्या २ ते ४ टक्के खर्च व्हावेत. वरच्या इमारतीला १८ ते ३६ लाख. तिथेही बहुतेक सरकारं तेवढं देत नाहीत, हे सांगून टाकतो.

लेखाशीर्ष

१८ लाख! ओहायोकर, आमच्याकडे कार्यालयांची देखभाल २०५९ या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याखाली) आणि निवासस्थानांची २२१६ खाली. दोन्ही महसुली खर्च. त्यामुळे कपात आली की पहिली कात्री इथे. नवी इमारत ४०५९ वर, तिचं भूमिपूजन होतं, फोटो निघतो. वॉटरप्रूफिंगचं भूमिपूजन कुणी केलेलं बघितलंय?

शिवाय पैसे टप्प्याटप्प्याने बीडीएसवर (निधी वाटपाच्या शासकीय प्रणालीवर) येतात. गच्चीचं काम फेब्रुवारी ते मेमध्ये व्हायला हवं, त्यासाठी तांत्रिक मान्यता आणि निविदा दिवाळीआधी. प्रत्यक्षात जूनमध्ये गळती दिसते, ऑगस्टमध्ये अंदाजपत्रक, मध्ये आचारसंहिता, आणि निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. मग मार्चएंडला जे पटकन मोजमाप पुस्तकात चढवता येतं तेच होतं: रंग. ओल्या भिंतीवर रंग, पुढच्या ऑगस्टमध्ये पोपडे.

कौलारू

जुन्या दगडी इमारतींबद्दल कुणीच बोललं नाही. ब्रिटिशकालीन तहसील कचेऱ्या, विश्रामगृहं अजून खूप आहेत. भिंती चुन्यातल्या. त्यांना सिमेंटचं प्लास्टर किंवा ऑइल पेंट मारला की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती वर चढते आणि चार फुटांवर क्षाराची पांढरी रेघ उमटते. सिमेंट प्लास्टर पुन्हा सुटतं, सुटताना दगडाची पापुद्र्यासारखी कड घेऊन येतं. चुन्याचंच काम करा. दरसूचीत (खात्याच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) बाब शोधून सापडली नाही तर दर पृथक्करण (साहित्य-मजुरीवरून दर काढणं) करून घ्या, पण 'बाब नाही म्हणून सिमेंट' करू नका.

मंगलोरी कौलं चौ.मी.ला पंधरा लागतात. शाकारणी मे महिन्यात, आणि मोजताना फूटतूट धरून जास्तीची आणून आवारातच ठेवायची, कारण नंतर त्याच मापाची मिळत नाहीत. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही. वरून बसलेलं दिसतं, वाऱ्याच्या पावसात आत गळतं.

रॅम्प१२

अवांतर: जोतं ६०० मिमी असेल तर १:१२ ने रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो. जागा नाही म्हणून साडेतीन मीटरात उरकलेला रॅम्प पाहणीत 'आहे' म्हणून मोजला जातो. त्यावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याला विचारा. संघटनेने अशा 'आहे' शब्दांची यादी करावी.

मोजपट्टी

अभिलेख कक्षाबद्दल लिहितो, कारण हा धोका कुणाच्याच नोंदवहीत नसतो.

आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात कार्यालयाच्या खोलीला चल भार अडीच ते चार किलोन्यूटन प्रति चौ.मी., दप्तर साठवण्याच्या खोलीला किमान पाच. आता हिशेब करा. दोन मीटर उंच रॅक रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यांनी भरला, मधल्या पोकळ्या वजा करून साठ टक्के कागद धरला, कागद घनमीटरला ७०० किलो. रॅकच्या पायाखाली चौ.मी.ला ८४० किलो, म्हणजे आठ किलोन्यूटनच्या वर. साध्या रॅकांत निम्मी जागा चालायला असते म्हणून सरासरी चार-सव्वाचार होते, निभावतं. पण जागा वाचवायला कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकून एकमेकांना भिडणारे रॅक) बसवले की मधल्या वाटा जातात आणि सगळा मजला आठवर येतो. आणि हे कॉम्पॅक्टर बसतात कुठे, तर दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या बैठक सभागृहात, जिथे खांबच नाहीत.

कॉम्पॅक्टर तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवरच. तेही शौचालयाच्या खाली नको. आणि त्याआधी अ, ब, क, ड (किती काळ जपायचं त्यानुसार) वर्गवारी करून मुदत संपलेलं दप्तर नष्ट करा, भार आपोआप कमी होईल.

नाझर_कक्ष

मोजपट्टी, कॉम्पॅक्टर खरेदीच्या फायलीत बांधकाम खात्याचा अभिप्राय मागायची पद्धतच नाही. फर्निचर म्हणून जातं ते.

मोजपट्टी

तेच. २५० किलोपेक्षा जड काहीही वरच्या मजल्यावर चढवायचं असेल, कॉम्पॅक्टर, जनरेटर, बॅटऱ्यांचा बँक, पाण्याची जादा टाकी, तर शाखा अभियंत्याची एका ओळीची सही. एवढा नियम संघटनेने लावून धरावा.

दफ्तरी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ या, नोंदणीकडे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण, ज्ञापन, नियमावली. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही १९५० च्या कायद्याखाली नोंदवावी लागते, अर्ज स्थापनेपासून तीन महिन्यांत, साहाय्यक धर्मादाय आयुक्तांकडे. इथपर्यंत सगळे जातात. संस्था मरते ती पुढे: कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तीन-चार बदल अर्ज राहिले की कागदोपत्री पहिलीच कार्यकारिणी कायम, त्यातले निम्मे निवृत्त, आणि बँक खातं चालवायला कुणी नाही. बदलीवर फिरणाऱ्या लोकांच्या संस्थेत हे हमखास होणार. म्हणून पदाधिकारी पदनामाने ठेवा किंवा दोघं तरी निवृत्त अभियंते घ्या, ते कुठे बदलून जात नाहीत.

दुसरं म्हणजे १९७९ चे वर्तणूक नियम. पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, आणि शासकीय कागद बाहेर देता येत नाहीत. न्यायालयाचा किंवा कारागृहाचा नकाशा व्हॉट्सॲप गटावर टाकणं ही तर सरळ चौकशी. पद्धती वाटा, नकाशे वाटू नका.

ओहायोकर

आणि प्रायोजक. वॉटरप्रूफिंग आणि लिफ्ट कंपन्या अधिवेशनाचं जेवण द्यायला तयारच असतात. अमेरिकेतल्या संघटनांत कंपन्यांना वेगळा सदस्यवर्ग असतो. तुमच्याकडे तेच लोक निविदा भरणार, म्हणून जेवण स्वतःच्या पैशाचं ठेवा.

गुण्या

मला एक कळत नाही, नवी संस्था कशाला? इंडियन बिल्डिंग्ज काँग्रेस १९९२ पासून आहे की. शिवाय राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा बारावा भाग पूर्ण मालमत्ता आणि सुविधा व्यवस्थापनावर आहे. केंद्रीय बांधकाम खात्याचं देखभालीचं मॅन्युअल आहे. ज्ञान छापून पडलंय, वाचत कुणी नाही.

ओळंबा

गुण्या, मान्य. पण संहिता सांगते नोंद ठेवा. अमुक इमारतीच्या उत्तर बाजूच्या डक्टमध्ये बिडाचा पाइप तिसऱ्या मजल्यावर तडकलेला आहे, हे ती सांगू शकत नाही. तुम्ही म्हणता त्या संस्थांचा भरही बांधणीवर जास्त आहे असं मला दिसतं.

दफ्तरींचं वाचून माझं मत थोडं बदललं. नोंदणी नंतर. आधी एका जिल्ह्यात एक कागद चालू करू: प्रत्येक इमारतीची चार पानी पत्रिका, एक प्रत उपविभागात, एक नाझराकडे, आणि कार्यभार देताना त्यावर दोघांची सही. पान १: मुख्य व्हॉल्व्ह, मुख्य स्विच, सेप्टिक टँकचं झाकण कुठे, मोबाइल फोटोसकट. पान २: गच्चीचे थर, जाडी, वर्ष, दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो. पान ३: मंजूर वीजभार आणि आजचा भार, प्रत्येक एसी कुठल्या फेजवर. पान ४: फॉर्म ब, लिफ्ट परवाना, टाकी धुतल्याच्या तारखा. आणखी काय?

प्रमाणपत्र

पान ४ वर तारखेसमोर सही करणाऱ्याचं पदनामही लिहा. नुसती तारीख कुणीही टाकतो.

कौलारू

पान २ वर वाळवीची प्रक्रिया कधी, कुठल्या चौकटींना. लाकडाच्या कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) असतील तर त्यांची टोकं भिंतीत शिरतात तिथे सुरी खुपसून बघितल्याची नोंद. कैची मधे सहसा कुजत नाही, टोकाला कुजते.

थापी

पान ५: कबुतरं.

पन्हाळी

थापी, हे खरं तर पान २ वर घ्या. कबुतरांची विष्ठा आणि पिसं पन्हाळाच्या जाळीवर बसतात, पहिल्याच पावसात गच्चीचं तळं होतं. जाळी घुमटाच्या आकाराची हवी, सपाट जाळी एका पानानेही बंद होते. ३१ मेपर्यंत साफ केल्याची नोंद.

शेवटचा_चौक

मेगर, पान ३ वर अर्थिंगचं रीडिंग घ्यायचं का? वर्षातून एकदा पुरे?

मेगर

एकदा पुरे, पण महिना लिहून ठेवा. अर्थिंग मेमध्ये मोजायचं, जमीन कोरडी असताना. पावसाळ्यात घेतलेलं अर्थिंगचं रीडिंग कुठल्याही इमारतीचं छानच येतं. वायरिंगचं इन्शुलेशन मात्र उलट, ते ऑगस्टमध्ये मोजा, भिंती ओल्या असताना. आत्तापर्यंत दोन्ही मार्चमध्ये मोजत आलोत, कारण बिल मार्चमध्ये काढायचं असतं.